स्लॅबवरची रेघ तुटते तेव्हा

मित्रहो, नकाशातल्या भिंती, खांब आणि पाइपांच्या जागा थेट स्लॅबवर छापत फिरणारा रोबो आता प्रयोगशाळेपुरता राहिलेला नाही. कॅलिफोर्नियातील डस्टी रोबोटिक्स ही कंपनी २०१८ मध्ये याच कामासाठी स्थापन झाली आणि २०२२ मध्ये एचपीने असाच आपला साइटप्रिंट हा रोबो जाहीर केला. टोटल स्टेशन, म्हणजे कोन आणि अंतर मोजणारे सर्वेक्षणाचे यंत्र, रोबोवरच्या प्रिझमचा (प्रकाश परतवणाऱ्या भिंगाचा) सतत माग काढते, त्यामुळे जी आखणी आपण लाईनदोरीने करत आलो ती मिलिमीटरच्या हिशेबात होते. मात्र नोझलमधून, म्हणजे शाई सोडणाऱ्या बारीक छिद्रांतून, शाईच उतरली नाही, तर ही सारी अचूकता वाया जाते. म्हणून माझा आग्रह असा आहे, की कार्ट्रिजला हात लावण्याआधी उमटलेली रेघ नीट पाहावी, कारण दोष कुठे आहे हे बहुतेक वेळा तिच्यातच दिसते.

थर्मल इंकजेट प्रकारात प्रत्येक नोझलमागे एक सूक्ष्म रोधक (वीज मिळताच तापणारा भाग) असतो. विजेचा झटका मिळताच तो काही मायक्रोसेकंदांत शाईचा अतिशय पातळ थर सुमारे ३०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवतो, वाफेचा बुडबुडा फुगून थेंब बाहेर फेकतो, आणि बुडबुडा विरला की रिकामी झालेली जागा केशाकर्षणाने पुन्हा शाईने भरते. कार्ट्रिजच्या आत दाब बाहेरच्या हवेपेक्षा किंचित कमी राखलेला असतो, म्हणूनच शाई खाली गळत नाही. हा तोल नाजूक आहे. खडबडीत स्लॅबवरचे हादरे आणि उडणारी सिमेंटची धूळ त्याला मुळीच मानवत नाहीत.

रेघ फिकी दिसली, की सर्वांत आधी एक कोरा पांढरा कागद स्लॅबवर चारही बाजूंनी टेपने चिकटवावा आणि त्यावर चाचणीची रेघ छापावी. कागदावर ती अखंड आणि काळीभोर उमटली, तर शाईचा प्रवाह ठीक आहे. दोष स्लॅबवरची ओल, धूळ किंवा क्युरिंग कंपाउंडचा (काँक्रीटमधली ओल टिकवण्यासाठी फवारलेल्या द्रवाचा) थर यांत शोधावा. दोन मिनिटांची ही तपासणी टाळून चांगली कार्ट्रिजे फेकून दिली जातात, याची मला खरोखर खंत वाटते.

कागदावरही रेघ बिघडलेली असेल, तर ती कुठे बिघडते ते पाहावे. सुरुवात गायब आणि पुढे रेघ नीट, असे असेल तर थांबलेल्या वेळात नोझलच्या तोंडाशी शाई वाळली आहे. लवकर सुकणाऱ्या शाईत हे हमखास होते, आणि काम थांबताच टोपी लावणे व पुन्हा सुरू करताना थोडी शाई उडवून टाकणे हा त्यावर उपाय आहे. याउलट सुरुवात गडद, काही अंतरावर रेघ फिकी आणि थोड्या विश्रांतीनंतर पुन्हा गडद, असे होत असेल तर शाई मागून पुरेशी येत नाही. अशा वेळी कार्ट्रिजमधली शाई संपत आली आहे का, हवेचे छिद्र बुजले आहे का, थंडीने शाई दाट झाली आहे का, हे पाहावे आणि वेग कमी करून पुन्हा छापावे. रेघेतला ठरावीक पट्टाच सतत कोरा राहत असेल, तर खात्रीचे दुसरे कार्ट्रिज बसवावे: पट्टा भरला तर आधीच्या कार्ट्रिजची नोझल बुजली आहेत, तसाच राहिला तर विजेचे संपर्कबिंदू किंवा केबल तपासावी.

साफ करताना धागे न सुटणारे फडके शाईच्या उत्पादकाने सांगितलेल्या द्रवाने ओलसर करून नोझलची बाजू त्यावर काही सेकंद फक्त टेकवावी. घासू नये, कारण सिमेंटचे कण नोझलच्या पट्टीवर ओरखडे पाडतात. नोझलच्या दोन रांगा असलेल्या कार्ट्रिजमुळे फडक्यावर दोन समांतर रेघा उमटतात, आणि त्यातली तुटलेली जागा नेमकी बुजलेली नोझल दाखवते. टाचणी वापरू नये, कॉम्प्रेसरची हवाही मारू नये. हवा आत शिरली की निरोगी नोझलही बंद पडतात.

फिकी रेघ 'चालेल' म्हणून सोडणे मला सर्वांत धोक्याचे वाटते. नकाशात तुटक रेघेला स्वतःचा अर्थ असतो, बहुधा ती डोक्यावरची किंवा झाकलेली वस्तू दाखवते, आणि नोझल बुजल्याने तुटलेली भिंतीची रेघ गवंड्याने तशीच वाचली तर त्यात त्याचा दोष नाही. दुरुस्तीनंतर शेवटच्या निर्दोष रेघेपर्यंत मागे यावे आणि तिथपासूनची आखणी पुन्हा छापून घ्यावी.