बँकॉकच्या चायनाटाउनची कमान: राजाची बहात्तरी आणि राजकन्येची अक्षरं

नमस्कार मंडळी! स्क्रीनवर बघताय ती लाल खांबांची, सोनेरी छपरांची कमान आहे बँकॉकमध्ये. याओवारात रस्त्याच्या तोंडाशी, ओडियन चौकात. घडण पूर्ण चिनी, म्हणून पर्यटक 'चायनाटाउनचं गेट' म्हणत फोटो काढतात आणि पुढे खाऊगल्लीत शिरतात. पण ही कमान उभी राहिली ती थाई राजासाठी! १९९९ मध्ये राजे भूमिबोल ७२ वर्षांचे झाले, त्या निमित्ताने.

आता ७२ च का? आपल्याकडे साठी होते, पंचाहत्तरी होते, बहात्तरी कोण करतं? तर थाई लोक वय बारा-बारा वर्षांच्या फेऱ्यांत मोजतात, आणि प्रत्येक वर्षाला एक प्राणी असतो. भूमिबोल जन्मले १९२७ मध्ये, सशाच्या वर्षी. १९९९ सुद्धा सशाचंच. म्हणजे सहा फेऱ्या पुऱ्या! चिनी लोकांचं चक्रही हेच. फक्त त्यांचा ड्रॅगन असतो तिथे थाई लोक नाग मानतात. त्यामुळे या आकड्याचं महत्त्व दोन्हीकडच्या लोकांना कुणी समजावून सांगावं लागलं नाही.

मला मात्र सगळ्यात जास्त भिडतात ती कमानीवरची अक्षरं. एका बाजूला थाई मजकूर. दुसऱ्या बाजूला चार चिनी अक्षरं: राजाला अमर्याद आयुष्य लाभो, अशी शुभेच्छा. ही अक्षरं राजाच्या मुलीच्या, राजकन्या सिरिनधोर्न यांच्या हातची आहेत. त्या स्वतः चिनी शिकल्या आहेत.

याचं मोल कळायला थोडं मागे जाऊ. १७८२ मध्ये राजधानी इथे आली, तेव्हा राजवाड्याच्या जागेवरच्या चिनी वस्तीला उठवून सांपेंग भागात पाठवलं. आजचं चायनाटाउन त्यातूनच वाढलं. पुढे १९३८ नंतर पंतप्रधान फिबून यांच्या सरकारने बहुतेक चिनी शाळा बंद पाडल्या, चिनी वर्तमानपत्रंही. कित्येक घरांनी चिनी आडनाव सोडून लांबलचक थाई आडनाव घेतलं. ज्या पिढीची चिनी शाळा सरकारने बंद केली, त्याच पिढीने म्हातारपणी राजघराण्यातल्या हातचं चिनी भर चौकात वाचलं!

तेव्हा बँकॉकला गेलात तर समोरून फोटो काढून निघू नका. कमानीखालून पलीकडे जा, मागे वळा आणि वर बघा. जवळच 'वाट त्राइमित' हे बौद्ध मंदिर आहे, साडेपाच टनांची सोन्याची बुद्धमूर्ती तिथलीच. तिच्यावर पुढच्या व्हिडिओत बोलू.