ग्राफिक्सचा स्कोअर आणि रॅमची दुसरी स्टिक

(दृश्य: टेबलावर काळा डेस्कटॉप, शेजारी पातळ लॅपटॉप. दोन्ही बंद.)

डावीकडचा डेस्कटॉप २०११ सालचा. आत इंटेलचा कोअर आय५-२४००. उजवीकडच्या लॅपटॉपमध्ये २०२० साली आलेला कोअर आय५-११३५जी७. दोन्हींत वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. पडद्यावर जे दिसतं, ते प्रोसेसरच्याच पोटातला ग्राफिक्सचा भाग रंगवतो.

२०११ चं महत्त्व हेच. त्याच्या आदल्या वर्षीच्या, ग्राफिक्स असलेल्या इंटेल कोअर प्रोसेसरमध्ये गणन करणारी चिप ३२ नॅनोमीटर तंत्राने बनलेली आणि ग्राफिक्सची चिप ४५ नॅनोमीटर तंत्राने बनलेली होती. एकाच आवरणात, पण दोन वेगळे तुकडे. २०११ च्या पिढीत, म्हणजे या डेस्कटॉपच्या सँडी ब्रिजमध्ये, दोन्ही एकाच तुकड्यावर आले.

आता मोजणी. डेस्कटॉपच्या ग्राफिक्समध्ये, म्हणजे जुन्या एचडी २००० मध्ये, ६ एक्झिक्युशन युनिट्स (ग्राफिक्सची आकडेमोड करणारे भाग), लॅपटॉपच्या नव्या आयरिस एक्सईमध्ये ८०. म्हणजे तेरा पटींहून जास्त. पण या नऊ वर्षांत त्या युनिटची आतली रचनाच बदलली, त्यामुळे नुसती युनिट्स मोजून वेग कळत नाही. म्हणूनच बेंचमार्क, म्हणजे वेग मोजून गुण देणारी टेस्ट, चालवायचा.

(दृश्य: जुन्या मशीनवर टेस्ट सुरू होते आणि एरर येऊन बंद पडते.)

आणि पहिली अडचण इथेच येते. थ्रीडीमार्क या बेंचमार्क सॉफ्टवेअरमधली टाइम स्पाय ही टेस्ट २०१६ ची, तिला डायरेक्टएक्स १२ लागतं. डायरेक्टएक्स म्हणजे विंडोजमध्ये प्रोग्रॅम ग्राफिक्सशी ज्यातून बोलतात ती व्यवस्था. त्यातल्याच फायर स्ट्राइक या टेस्टला ११. एचडी २००० ची धाव १०.१ पर्यंतच. इथे कमी गुण पडत नाहीत, टेस्टच चालत नाही. मग दोघांना झेपेल अशी हलकी टेस्ट घ्यावी, तर नवं ग्राफिक्स फ्रेम इतक्या भराभर काढतं की त्याला प्रोसेसरची वाट पाहावी लागते. मोजायचं असतं ग्राफिक्स, आणि आकडा येतो भलत्याचाच. एका मशीनचा फायर स्ट्राइकचा स्कोअर दुसऱ्याच्या टाइम स्पायच्या शेजारी ठेवणं तर अगदीच चूक. दोन्ही टेस्टचे गुण वेगळ्या मापाचे आहेत.

पण मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती रॅम. माझ्या ओळखीतली मुलं सेकंड-हँड मशीन घेताना स्कोअर पाहतात, प्रोसेसरचं नाव पाहतात, आणि रॅमच्या स्टिक किती हे विचारतच नाहीत. फार वाईट वाटतं, कारण पैसे साठवून घेतलेलं मशीन असतं.

प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते. ते मुख्य रॅममधूनच घेतं, तेही प्रोसेसरशी वाटून. डेस्कटॉपमध्ये डीडीआर३-१३३३ प्रकारच्या रॅमच्या दोन स्टिक आहेत, दोन चॅनलवर, म्हणजे रॅम आणि प्रोसेसरमधल्या दोन वाटांवर. सेकंदाला जास्तीत जास्त सुमारे २१ जीबी डेटा जाऊ शकतो. लॅपटॉपमध्ये डीडीआर४-३२००. दोन चॅनल भरले तर ५१.२ जीबी. एकच स्टिक असेल तर निम्मा, २५.६.

पुन्हा बघा. २१ आणि २५.६. नऊ वर्षांनंतरचा प्रोसेसर, ८० युनिट्स, आणि डेटा मिळतो तो जुन्या डेस्कटॉपपेक्षा जेमतेम जास्त. शेत तेरा पट झालं, पण पाणी आणणारी चारी होती तेवढीच. बांधाजवळचं पीक भिजतं, बाकीचं वाट बघत राहतं.

विजेचाही फरक आहे. जुन्या प्रोसेसरची मर्यादा ९५ वॉट. नव्याची १२ ते २८, आणि त्यातली नेमकी किती ते लॅपटॉप बनवणारा ठरवतो. म्हणून एकच प्रोसेसर दोन लॅपटॉपमध्ये वेगळा स्कोअर देतो. टेस्ट एकदा चालवून थांबू नका, मशीन तापल्यावर पुन्हा चालवा.

(दृश्य: विंडोजमधली हार्डवेअरची यादी, म्हणजे डिव्हाइस मॅनेजर, उघडतो.)

लॅपटॉपमध्ये सध्या एकच स्टिक आहे. डिस्प्ले अडॅप्टरखाली नाव दिसतंय, इंटेल यूएचडी ग्राफिक्स. आयरिस एक्सई हे नाव कुठेच नाही. दोन्ही चॅनल भरलेले नसले तर इंटेल ते नाव दाखवतच नाही.

(दृश्य: लॅपटॉप बंद. मागचं झाकण उघडतं. रिकाम्या स्लॉटमध्ये दुसरी स्टिक तिरकी सरकते, खाली दाबल्यावर टक् आवाज.)

झाकण लावलं. मशीन सुरू केलं. तोच प्रोसेसर, तीच विंडोज.

(दृश्य: डिव्हाइस मॅनेजर. कॅमेरा हळूहळू जवळ जातो.)

इंटेल आयरिस एक्सई ग्राफिक्स. आता टेस्ट लावूया.