वीणा खाली ठेवायची नाही

(दृश्य : रात्र. गावातल्या विठ्ठल मंदिराचा मंडप. एकच ट्यूबलाइट चालू. विणेच्या तारांचा बारीक आवाज.)

रात्रीचे दोन वाजून गेलेत. मराठवाड्यातलं एक गाव. सप्ताहाचा आज चौथा दिवस. कीर्तन संपून मंडळी घरोघर पांगली. मंडपात पाच-सहा म्हातारी माणसं घोंगडी ओढून जागच्या जागी आडवी झालीत. मागच्या बाजूला चुलवाणात थोडे निखारे आहेत, तिथं एक कुत्रं अंग शेकत बसलंय.

गाभाऱ्यासमोर एक जण उभा आहे. वय पस्तिशीच्या आसपास. दिवसभर ट्रॅक्टरवर होता, अजून पायजम्याला ओल्या मातीचे डाग आहेत. गळ्यात वीणा. उजव्या हाताचं बोट तारेवर फिरतंय, तोंडानं ‘रामकृष्ण हरी’ चाललंय. मध्येच मान खाली जाते. तार अडखळते. तो दचकून डोळे उघडतो, एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेतो आणि पुन्हा सुरू करतो.

सप्ताह बसला की वीणा खाली ठेवायची नाही. सात दिवस, सात रात्री. ती एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते. भिंतीवर कागद चिकटवलाय, पहाऱ्याची यादी. कुणाचा पहारा किती वाजता, ते पेनानं लिहिलंय. दोन ते चार हा पहारा मागून घ्यायला फारसं कुणी पुढं येत नाही. या माणसानं तो मागून घेतलाय.

(दृश्य : जुन्या देवळाच्या फरशीतलं दगडी कासव. त्याच्या पाठीवर हळद-कुंकू.)

इंद्रियनिग्रह म्हटलं की आपल्याला गुहा आठवते, हिमालय आठवतो, डोळे मिटून बसलेला योगी आठवतो. शब्दच तसा जड आहे. पण देवळात शिरताना आपण ज्याला हात लावून पुढं जातो, ते कासव याच गोष्टीसाठी तिथं बसवलंय, असं जुनी माणसं सांगतात. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात ही उपमा आहे : कासव जसं आपले अवयव आत ओढून घेतं, तशी ज्याला आपली इंद्रियं विषयांपासून आवरता येतात, त्याची बुद्धी स्थिर.

नेवाशाला, प्रवरेच्या काठी, १२९० साली ज्ञानेश्वरांनी ही गीता मराठीत सांगितली. ज्या खांबाला टेकून सांगितली असं परंपरा मानते, तो ‘पैस’ आजही तिथं उभा आहे. कासवाच्या उपमेपाशी ज्ञानेश्वर एक गोष्ट हळूच वाढवतात. त्यांचं कासव आधी पाय पसरतं. मनात आलं की पसरायचे, मनात आलं की आवरायचे. म्हणजे पाय छाटायला कुणी सांगितलेलं नाही. हुकूम कुणाचा चालतो, एवढाच प्रश्न आहे.

आणि लगेच पुढं ते जिभेवर येतात. कान आवरले, डोळे आवरले, पण रसना मोकळी सोडली, तर काय होतं? ज्ञानेश्वर म्हणतात, वरवरची पालवी खुडायची आणि मुळाला पाणी घालत राहायचं, मग ते झाड मरेल कसं? उलट त्या पाण्यानं जास्तच फोफावेल. शिवाय अडचण अशी की बाकीच्या इंद्रियांचे विषय तोडता येतात, जेवणाचं तसं नाही. जेवल्याशिवाय माणूस जगत नाही. जीभ घरातच राहणार आणि रोज जेवायला बसणार. तिच्याशी रोजचा संसार आहे.

मला वाटतं, वारकऱ्यांच्या सगळ्या नियमांची गुरुकिल्ली इथंच आहे.

(दृश्य : पहाटेचं स्वयंपाकघर. चुलीवर भगर शिजतेय. शेजारी पोरांच्या डब्यासाठी पोळ्या.)

एकादशी. वर्षाला चोवीस, अधिक मास आला तर सव्वीस. आपल्या घरात एकादशी कुणी धरत असेल, तर हे दृश्य ओळखीचं असेल. सासूबाईंना कडक उपवास आहे, पण पोरांना शाळेत जायचंय, नवऱ्याला शेतात डबा लागतो. म्हणून चार वाजता उठून त्याच बाई पोळ्या लाटतात, भाजीला फोडणी देतात. भाजीत मीठ बरोबर पडलंय का? चाखून बघायची सोय नाही. वर्षानुवर्षं अंदाजानं मीठ टाकायची सवय त्या हाताला झालेली आहे. कढईतून येणारा लसणाचा वास नाकात जातोच. वासाला उपवास माहीत नसतो. हा निग्रह कुठल्या पोथीत लिहिलेला नाही आणि त्याला कुणी तप म्हणत नाही. मी तरी त्याला तपच म्हणतो.

दुसऱ्या दिवशी बारस. सकाळी लवकर देवाला नैवेद्य दाखवून उपवास सोडायचा. जुन्या घरांत ‘बारस सोडायला’ कुणीतरी पाहुणा, एखादा वारकरी जेवायला असावा लागतो. एकट्यानं बारस सोडायची नाही.

एकादशी दुप्पट खाशी, ही म्हणही आपलीच. साबुदाण्याची खिचडी, शेंगदाण्याची आमटी, बटाट्याची भाजी, रताळ्याचा कीस, राजगिऱ्याचा लाडू. यातल्या एकेका पदार्थाकडे नीट बघा. बटाटा, शेंगदाणा, रताळं, मिरची, ज्या कंदापासून साबुदाणा होतो तो कंद, सगळं अमेरिका खंडातून आलेलं. पोर्तुगीज जहाजं आपल्या किनाऱ्याला लागल्यानंतरचं. तेराव्या शतकात ज्ञानेश्वरांच्या एकादशीला यातलं काहीच ताटात नव्हतं. पाहुणे पिकं आली, नियमात बसली आणि उपवासाचं ताट भरत गेलं. मला यात कुणाला नावं ठेवायची नाहीत. म्हाताऱ्या माणसाला, कष्टाच्या माणसाला आधार लागतो. पण जीभ किती हुशार आहे, हे या ताटावरून कळतं. तिला दार बंद केलं की ती खिडकी शोधते.

चातुर्मासाचं तसंच. आषाढी एकादशीपासून कार्तिकी एकादशीपर्यंत अनेक घरांत कांदा, लसूण, वांगं बंद. आणि बंद होण्याच्या आधी, आषाढ शुद्ध नवमीला, कांदेनवमी. त्या दिवशी कांद्याची भजी, कांद्याचं थालीपीठ, कांद्याची झुणका-भाकर. निरोप देण्याआधी पोटभर भेटून घ्यायचं. ज्यांनी हे ठरवलं, त्यांना माणूस कळत होता.

(दृश्य : म्हाताऱ्या हातात तुळशीची माळ. मणी झिजून गुळगुळीत झालेले.)

माझे आजोबा माळकरी. माळ ज्ञानेश्वरीवर ठेवायची, महाराजांनी ती गळ्यात घालायची, आणि त्या क्षणापासून नियम सुरू. मांस नाही, दारू नाही. एकादशी चुकवायची नाही. रोज हरिपाठ. परस्त्री आईसमान. खोटं बोलायचं नाही. वर्षातून एकदा तरी पंढरीची वारी.

एकदा कडब्याचा भारा डोक्यावरून उतरवताना त्यांची माळ तुटली. एकशे आठ मणी ढेकळांत विखुरले. भर उन्हाची वेळ. आजोबा गुडघ्यावर बसून मणी वेचायला लागले. आजीनं पाण्याचा तांब्या पुढं केला, त्यांनी मानेनंच नको म्हटलं. माळ गळ्यात नसताना पाणी प्यायचं नाही. दिवस कलेपर्यंत आम्ही पोरं त्यांच्याबरोबर माती चाळत होतो. एकशे सहा मणी सापडले. तेवढेच ओवले, माळ गळ्यात घातली आणि मग तांब्या तोंडाला लावला. कमी पडलेले दोन मणी पुढच्या कार्तिकीला आळंदीहून आणले. तेव्हा मला तो हट्ट वाटला होता.

बांधावरून आमचं भाऊबंदकीत भांडण होतं. एक दिवस चुलतभावानं रस्त्यात अडवून आजोबांना आयाबहिणीवरून शिव्या दिल्या. आजोबा तापट. माळ घालण्याआधी त्यांच्या तोंडाला लागायची कुणाची हिंमत नव्हती, असं आजी सांगायची. त्या दिवशी त्यांचं तोंड उघडलं आणि हात गळ्याकडे गेला. मणी मुठीत धरले. तोंड तसंच मिटलं आणि ते चालायला लागले. चार पावलांवरून मी त्यांच्या मानेची शीर उडताना बघत होतो.

जिभेला दोन कामं, खाणं आणि बोलणं. माळ दोन्हींच्या आड येते, कारण ती दोन्हींच्या वाटेवर, गळ्यातच बसलेली आहे.

ती सगळ्यांना दिसते, हेही महत्त्वाचं. गावच्या जत्रेत माळकऱ्यांची पंगत वेगळी बसते. कुणी तुम्हाला आग्रह करत नाही, कारण तुमच्या गळ्यानं आधीच उत्तर दिलेलं असतं. दारू सोडायची म्हणून माळ घातलेली कितीतरी माणसं खेड्यापाड्यांत भेटतात. एकट्याच्या निश्चयाला रात्री आठनंतर तडे जातात. गळ्यात माळ असली की गुत्त्याच्या वाटेवर पहिला भेटणारा माणूसच विचारतो, “काय माउली, इकडं कुठं?”

(दृश्य : दिवेघाट. पावसाची भुरभुर. पताका, टाळ, डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेल्या बाया.)

आषाढीची वारी. ज्ञानेश्वर माउलींची पालखी ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून निघते. पुण्यात मुक्काम होतो आणि मग पुणे ते सासवड, जवळजवळ ३० किलोमीटरची वाट, मध्ये दिवेघाटाची चढण. सगळ्या वाटेतला हा मोठा टप्पा, आणि बहुतेक वर्षी तो येतो नेमका एकादशीला. पोटात मूठभर शेंगदाणे आणि समोर घाट. तरी घाटात टाळ थांबत नाहीत. तुकोबांनी एका अभंगात वाचेला, डोळ्यांना, कानांना एकेक करून हाक मारलीय. वाचे, तू विठोबाचं गोड नाव घे. डोळ्यांनो, तुम्ही त्याचं मुख पाहा. कानांनो, तुम्ही त्याचे गुण ऐका. उपाशी कुणालाच ठेवलेलं नाही. घाटात टाळकऱ्यांकडे बघताना तो अभंग चालताना दिसतो : पायांना वाट दिली, हातांना टाळ दिले, तोंडाला नाव दिलं.

संध्याकाळी तळावर समाजआरती असते. पालखीभोवती दिंड्या उभ्या राहतात, शेकडो टाळ एकदम वाजत असतात, शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. चोपदार दंड वर करतात. आणि आवाज थांबतो. एवढ्या मोठ्या जमावात पताका फडफडल्याचं ऐकू येतं. ज्या दिंडीची काही तक्रार असेल, ती आपले टाळ वाजवत ठेवते. चोपदार तिच्याकडे जातात, ऐकून घेतात, तोडगा निघतो. मग हरवलेल्या-सापडलेल्या वस्तू पुकारल्या जातात. मग आरती. दिवसभर चालून पाय सुजलेल्या माणसांना गप्प बसवायला इथं पोलीस लागत नाही.

(दृश्य : पंढरपूर. महाद्वार. चोखोबांची समाधी. आवाज थोडा खाली.)

इथं एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढं जाता येणार नाही. ही चोखामेळ्याची समाधी. देवळाच्या दाराबाहेर. चोखोबांच्या जातीच्या माणसांना विठ्ठलाच्या गाभाऱ्यात जायला १९४७ पर्यंत बंदी होती. आत काटेकोर एकादशी पाळली जात होती, सोवळं पाळलं जात होतं, आणि बाहेर नामस्मरणात मुरलेला माणूस पायरीवर उभा होता. त्या वर्षीच्या मे महिन्यात साने गुरुजी पंढरपुरात, तनपुरे महाराजांच्या मठात, प्राणांतिक उपोषणाला बसले. मंदिर सगळ्यांना खुलं झालं.

गुरुजींनी अन्न सोडलं आणि इतरांनी एकादशीला सोडलं, दोन्हीला आपण उपवासच म्हणतो. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात हात-पाय आवरून मनात विषय घोळवत बसणाऱ्याला मिथ्याचारी म्हटलंय. माणसाला दूर लोटण्याची चटक हीसुद्धा एक चव आहे, आणि ती आवरायला आपल्या समाजानं शतकं घेतली. अजून ती पुरती सुटलेली नाही. हे मी वारकरी घरातला माणूस म्हणून सांगतो.

(दृश्य : पुन्हा मंडप. घड्याळात चारला दहा कमी.)

ट्रॅक्टरवाला अजून उभा आहे. मघापासून दोनदा डुलकी आली, दोनदा त्यानं ती परतवली. झोपलेल्यांतले एक आजोबा कधीतरी उठून, कुणी न सांगता, त्याच्या शेजारी येऊन टाळ वाजवायला लागलेत. यादीत त्यांचं नाव नाही. पोराला झोप येतेय हे त्यांना पडल्या पडल्या तारेवरून कळलं.

बाहेर हातपंपाचा आवाज येतो. पुढच्या पहाऱ्याचा माणूस तोंड धुऊन, कपाळाला बुक्का लावून आत येतो. गावातल्या शाळेत शिक्षक आहे. तो विणेला नमस्कार करतो. दोघं एकमेकांच्या पायाला हात लावतात. वयानं कोण मोठं, कोण लहान, हे इथं बघत नाहीत. एकाच्या गळ्यातला पट्टा दुसऱ्याच्या गळ्यात जातो. त्या अदलाबदलीत बोट तारेवर आहेच.

मोकळा झालेला माणूस खांबाला टेकून बसतो. पोटऱ्या चोळतो. आता घरी जाऊन दोन तास झोपला तरी चालेल. पण काकड्याला बाया यायला लागल्यात, कुणीतरी निरांजन लावलंय, पखवाजाला कणीक लावायचं काम सुरू झालंय. तो उठतो, भिंतीवरचे टाळ काढतो आणि रांगेत जाऊन उभा राहतो.