साशिको: दोरा ओढू नका हो!

नमस्कार मंडळी! 'ताई, जीन्सचा गुडघा फाटलाय, साशिको दाखवा.' प्रत्येक व्हिडिओखाली हेच. घ्या, आज साशिकोच, म्हणजे धावदोऱ्याची जपानी हातशिलाई.

आधी सोप्पं उरकू. टाका म्हणजे आपला धावदोराच, तो तुम्हाला येतो. कापड धुऊन घ्या, काय आटायचं ते आटू दे. ठिगळ आतून, भोकापेक्षा चहूबाजूंनी दोन बोटं मोठं. कच्चे टाके घाला, खडूनं रेघा मारा. वरचा टाका लांब, खालचा जरा आखूड, साधारण तीनास दोन. झालं.

आता खरी गोम. दोरा ओढायचा नाही. लांब सुईवर चार-पाच टाके एकदम भरा, सुई ओढून काढा आणि थांबा. हे बघा, कापड चुणलंय. शिवलेली ओळ अशी चिमटीत धरायची आणि बोटं टाक्यांच्या दिशेनं सरकवत न्यायची. कापड सपाट, दोरा सैल. जपानीत याला 'इतोकोकी' म्हणतात आणि नेमकं हेच सगळे गाळतात.

ओळ संपून वळताना तेच. मागच्या बाजूला छोटासा फास मोकळा सोडा. कॅमेऱ्यात दिसतोय? एवढाच. तो गबाळा दिसतो म्हणून कुणी ओढून घेतला, की कोपरा आखडलाच.

'ताई, घट्ट केलं तर जास्त टिकेल ना?' नाही! माझ्या भाचीनं बाहेरून जीन्स दुरुस्त करून आणली. मशीनचे टाके इतके कचकचीत, की ठिगळ शाबूत आणि त्याच्या कडेचं कापड टरकलं. मांडी घालून बसली, संपलं. गुडघा वाकतो हो, दोऱ्यालाही जागा लागते.

दोरा सुती, कमी चमकीचा घ्या. 'साशिको किट' म्हणून चकचकीत रेशमी दोरा विकतात, त्यावर माझा वेगळाच राग आहे. असो.

आता कमेंट. 'ही तर आमच्या आजीची गोधडी!' धावदोरा तोच, जुन्याचे थर तेच, मान्य. पण तिकडची गोष्टही ऐका. उत्तर जपानच्या तोहोकूत थंडीमुळे कापूस पिकत नसे. अंगावर तागासारख्या धाग्याचं विरळ कापड, त्यातून वारा आरपार. ओसाकाकडून कितामाएबुने नावाची व्यापारी जहाजं जुनं सुती कापड आणायची. त्या चिंध्या एकीवर एक शिवून कपडे उबदार करायचे. तिथल्याच त्सुगारू भागात तर शेतकऱ्यांना सुती कपडे घालायलाच बंदी होती, मग त्यांनी निळ्या विरळ कापडाच्या विणीतली भोकं पांढऱ्या सुती दोऱ्यानं भरून काढली. 'कोगिन' नावाचं भरतकाम ते हेच.

आणि ते ठिगळांवर ठिगळं असलेले 'बोरो' कपडे, आज ज्यांचे फोटो तुम्ही मला पाठवता? ते घरोघरी लाजेनं लपवून ठेवलेले असायचे. तानाका चुझाबुरो या संग्राहकांनी तोहोकूतल्याच आओमोरीत फिरून ते जमवले. २००९ ते २०१९ टोकियोच्या असाकुसा भागात या कपड्यांचं संग्रहालय होतं. त्यामुळे नव्या जीन्सवर छापलेली खोटी ठिगळं बघितली की माझं डोकंच फिरतं. फाटू तर द्या आधी!

शेवटचा प्रश्न, 'गाठ कुठे मारायची?' मारायचीच नाही. सुरुवातीला तीन-चार टाके उलट्या दिशेनं घाला, मग त्यांच्यावरूनच परत या. संपवतानाही तसंच. गाठ गुडघ्याला टोचते.