तीन दिवसांचं सलाईन

(दृश्य: नेत्रविभाग, तपासणीची खोली)

डॉक्टरांच्या हातात डोळ्यांच्या थेंबांच्या बाटलीचं लाल झाकण आहे. पेशंटच्या एका डोळ्याला ते लालभडक दिसतं, दुसऱ्याला विटलेलं. डोळा फिरवला की आत दुखतं. चष्म्याचा नंबर तोच आहे. सूज आली आहे ती डोळ्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या नसेला. हा ऑप्टिक न्यूरायटिस. तो जास्त करून 20 ते 45 या वयात होतो, आणि पुरुषांपेक्षा बायकांना अधिक.

(दृश्य: वॉर्ड. सिस्टर औषध तयार करत आहेत)

कुपीतली पांढरी पूड म्हणजे मिथाइलप्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड. ती विरघळवून सलाईनमध्ये मिसळतात. रोज एक ग्रॅम, तीन ते पाच दिवस. एवढा डोस भरकन सोडला तर हृदयाचे ठोके बिघडू शकतात, म्हणून तो तासभर सावकाश चढवायचा. त्याआधी साखर आणि रक्तदाब तपासायचा, अंगात कुठे जंतुसंसर्ग तर नाही ना, हे बघायचं.

थोड्याच वेळात अनेकांच्या तोंडाला धातूसारखी चव येते. चेहरा लाल होतो, रात्री झोप लागत नाही. मधुमेह असेल तर साखर झपाट्याने वाढते, कधी काही दिवस इन्सुलिनही घ्यावं लागतं. हे पेशंटला आधीच सांगायला हवं. न सांगितल्यामुळे माणसं उगाच घाबरतात आणि उपचार अर्धवट सोडतात.

आत काय घडतं? दाह भडकवणारी रसायनं तयार होणं कमी होतं, रक्तवाहिन्यांमधून होणारी गळती आटोक्यात येते आणि नसेवरचा ताण उतरतो.

(दृश्य: जुन्या केस-पेपरांच्या फाईली)

1988 ते 1991 या काळात अमेरिकेत 457 रुग्णांवर या उपचाराची मोठी चाचणी झाली. सलाईनमधून स्टिरॉइड घेतलेल्यांची नजर लवकर परतली. पण वर्षभरानंतर त्यांची नजर आणि स्टिरॉइड न घेतलेल्यांची नजर यांत फरक उरला नव्हता. नेहमीच्या डोसमध्ये नुसत्या गोळ्या घेतलेल्यांना मात्र हा त्रास पुन्हा होण्याचं प्रमाण जवळजवळ दुप्पट निघालं. म्हणून औषधाच्या दुकानातून परस्पर स्टिरॉइडच्या गोळ्या आणून खाऊ नयेत, हे आम्ही कळकळीने सांगतो.

मग सलाईन लावायचंच कशाला? शिवणयंत्रावर पोट असलेल्या बाईला किंवा रिक्षा चालवणाऱ्याला नजर लवकर परतल्याने वाचलेले काही आठवडेही फार मोलाचे असतात. आणि डोळ्यांच्या नसा व मज्जारज्जू यांना सूज आणणाऱ्या एनएमओ नावाच्या आजारात तर उशीर झाला की नजर कायमची जाऊ शकते. तिथे वाट बघणं परवडत नाही.

2021 मध्ये महाराष्ट्राने काळ्या बुरशीची साथ सोसली. वाढलेली साखर आणि स्टिरॉइडचा बेसुमार वापर यांची सांगड तेव्हा जीवघेणी ठरली. ती धास्ती अजून घराघरांत आहे आणि ती खोटी नाही. म्हणूनच डोस आणि दिवस ठरवायचे ते डॉक्टरांनी, साखरेवर लक्ष ठेवून.

(दृश्य: एमआरआय कक्ष)

मेंदूचा एमआरआयही बघतात. अमेरिकेतल्या त्या चाचणीतल्या रुग्णांवर 15 वर्षं लक्ष ठेवलं गेलं. सुरुवातीच्या एमआरआयमध्ये एकही डाग नव्हता, त्यांच्यापैकी 25 टक्क्यांना पुढे मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जूतल्या नसांच्या आवरणाला इजा करणारा आजार, झाला. एक किंवा जास्त डाग होते, त्यांच्यात हे प्रमाण 72 टक्के होतं. त्या आजारासाठी आता वेगळी औषधं आहेत आणि ती कधी सुरू करायची, हे न्यूरॉलॉजिस्ट या एमआरआयवरून ठरवतात.