पॅनलचा निळा रंग आणि धनुष्याची दोरी

छतावरच्या सोलर पॅनलची सबसिडी, फॉर्म, नेट मीटर हे सगळं इथल्या बऱ्याच जणांना पाठ आहे, त्यामुळे त्यावर वेळ घालवत नाही. मला लाटेबद्दल बोलायचंय. छतावरच्या काचेपासून खाली भिंतीवरच्या इन्व्हर्टरपर्यंत जे चालतं त्यातलं निम्मं लाटेचं गणित आहे, आणि ते गणित आपण बारावीला घोकून पास होतो, पण ते राहतं कुठे ते कुणी दाखवत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

आणि चाळीसगावात बोलायचं तर सुरुवात पाटणपासूनच करायला पाहिजे. पाटणादेवीजवळचा तो शिलालेख तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी बघितला असेल, भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला त्याचा तो लेख. भास्कराचार्यांचा सिद्धान्तशिरोमणी ११५० सालचा, आणि आपण ज्याला साईन म्हणतो त्याला तिथे शब्द आहे ज्या. ज्या म्हणजे धनुष्याची दोरी. वर्तुळाचा तुकडा हे धनुष्य, त्याची दोन टोकं जोडणारी दोरी ती ज्या, आणि तिचं अर्धं म्हणजे आपला साईन. आर्यभटाने तर ४९९ मध्येच त्याचं कोष्टक श्लोकात बांधून ठेवलं होतं. ज्येचंच दुसरं नाव जीवा, हा शब्द अरबीत गेला, तिथे लिहिताना स्वर गाळतात म्हणून पुढे तो जैब असा वाचला गेला, जैब म्हणजे अंगरख्याची घडी, खिसा, हिंदीतला जेब तोच, त्याचं लॅटिनमध्ये सायनस झालं आणि इंग्रजांबरोबर साईन होऊन आपल्याकडे परत आला. मुलांना हे आठवीतच सांगायला हवं असं माझं स्पष्ट मत आहे.

आता सायकल डबल स्टँडवर लावा आणि चाक फिरवा. व्हॉल्व्हकडे लक्ष ठेवा. आसाच्या पातळीपासून व्हॉल्व्ह किती वर आहे, किती खाली आहे, हे दर क्षणी कागदावर मांडत गेलात तर जी वळणावळणाची रेघ येते ती लाट, साईन वेव्ह. तिची तीन माणसं ओळखून ठेवा म्हणजे पुढचं सगळं सोपं: रेघ किती उंच जाते तो आयाम, सेकंदाला किती फेरे ती वारंवारता, आणि सुरुवातीला व्हॉल्व्ह कुठे होता तो फेज. फेज लोक विसरतात, आणि आज सगळ्यात जास्त काम फेजचंच आहे.

उन्हाकडे येऊ. प्रकाश सेकंदाला ३ लाख किलोमीटर जातो. नारिंगी प्रकाशाच्या एका लाटेची लांबी ६०० नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यातले ६००. वेगाला लांबीने भागलं की वारंवारता मिळते, ५ वर १४ शून्यं, एवढे फेरे एका सेकंदात. पण प्रकाश ऊर्जा देतो ती पुडक्यांनी देतो, हे आइन्स्टाइनने १९०५ मध्ये मांडलं आणि नोबेल त्यांना याच कामासाठी मिळालं. हिशोब सोपा आहे, १२४० ला नॅनोमीटरने भागा, पुडक्यातली ऊर्जा इलेक्ट्रॉन-व्होल्टमध्ये, म्हणजे ऊर्जेच्या एका अगदी छोट्या मापात मिळते. लाल ७०० चा असेल तर १.७७, निळा ४५० चा असेल तर २.७६.

पॅनलमधले सेल ज्याचे बनतात त्या सिलिकॉनमधला इलेक्ट्रॉन जागेवरून सुटायला १.१२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात. एका उडीतच लागतात बरं का, दोन अर्ध्या उड्या मारून विहिरीचा कठडा ओलांडता येत नाही तसंच आहे हे, म्हणून ११०० नॅनोमीटरच्या पुढची लाट कितीही आली तरी तिच्यातून वीज होत नाही, ती आरपार जाते नाहीतर नुसतं पॅनल तापवते. आणि ज्याची उडी जास्त आहे त्याचा वरचा भाग उष्णतेत जातो. निळ्याचे २.७६ आले, १.१२ कामाचे, बाकीचे तापण्यात गेले. हा दोन्हीकडचा तोटा मांडून शॉकली आणि क्वाइसर या शास्त्रज्ञांनी १९६१ मध्ये साध्या सेलमध्ये उन्हाची जास्तीत जास्त किती वीज होऊ शकते याची मर्यादा काढली, आज तो आकडा साधारण ३३ टक्के धरतात. बाजारातली चांगली पॅनलं २० ते २२ टक्क्यांची असतात. कुणी साधं सिलिकॉनचं पॅनल ५० टक्के देतं म्हणून विकायला आला तर त्याला हा भागाकार करून दाखवा.

सुटलेला इलेक्ट्रॉन परत जागेवर पडायच्या आत बाहेर काढायला सेलमध्ये दोन थर असतात, एकात बोरॉन मिसळलेलं, एकात फॉस्फरस, आणि दोघांच्या सांध्यावर आपोआप एक विद्युत क्षेत्र तयार होतं, ते इलेक्ट्रॉनला एका बाजूला ढकलतं. एक सेल ०.६-०.७ व्होल्ट देतो, म्हणून ६०-७२ सेल माळेसारखे जोडतात. माळ आहे म्हणूनच सावली वाईट. आमच्या घरी पाण्याच्या टाकीची सावली सकाळी दोन तास पॅनलच्या एका कोपऱ्यावर यायची, मला वाटायचं कोपराच तर आहे, पण वीज कोपऱ्याएवढी कमी व्हायची नाही, पुष्कळ जास्त कमी व्हायची. सावलीतला सेल अख्ख्या माळेचा प्रवाह अडवतो, अडलेल्या सेलला वळसा घालून प्रवाह जाऊ देणारा बायपास डायोड असतो म्हणून निदान बाकीचं वाचतं. टाकी हलवली तेव्हा सुटका झाली.

आता निळा रंग, यासाठीच मी आलोय खरं तर. सिलिकॉन उघडं ठेवलं तर चकचकीत राखाडी असतं आणि ३० टक्क्यांहून जास्त प्रकाश आरशासारखा परत पाठवतं. एवढा प्रकाश दारातूनच परत गेला तर काय उपयोग. म्हणून त्यावर सिलिकॉन नायट्राइडचा थर देतात, साधारण ७५ नॅनोमीटरचा. ७५च का? त्या थरात प्रकाशाचा वेग जवळजवळ निम्मा होतो, म्हणून ६०० ची लाट आत गेल्यावर ३०० ची होते. थोडा प्रकाश थराच्या वरच्या पृष्ठावरूनच परततो, थोडा आत जाऊन सिलिकॉनवर आपटून परततो, हा दुसरा ७५ खाली आणि ७५ वर असे १५० जास्त चालला. १५० म्हणजे ३०० च्या बरोबर निम्मे! म्हणजे दोघं बाहेर भेटतात तेव्हा एकाचा व्हॉल्व्ह वर असताना दुसऱ्याचा खाली असतो, बेरीज शून्याकडे जाते, परत जाणारा प्रकाश मिटतो आणि ती ऊर्जा सेलच्या आत जाते. हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी रात्री गच्चीवर जाऊन पॅनलला हात लावून आलो होतो.

पण हे जमतं ६०० च्या आसपास. निळ्याची लाट आखूड, तिला १५० म्हणजे बरोबर निम्मे नाहीत, तिचं पूर्ण मिटत नाही, थोडी परत येतेच, आणि तीच आपल्या डोळ्यात येते. पॅनल निळं दिसतं ते एवढ्यामुळे, रंग कुणी दिलेला नाही. पावसात रस्त्यावर सांडलेल्या पेट्रोलवर रंग दिसतात तेही हेच. नवीन मोनो, म्हणजे एकाच स्फटिकातून कापलेल्या सेलची, पॅनलं काळी दिसतात कारण त्यांच्या पृष्ठावर बारीक पिरॅमिड कोरलेले असतात, एकीकडून निसटलेला प्रकाश शेजारच्या उतारावर आपटून आत जातो.

उन्हाळ्याचं पटकन सांगतो. पॅनलला उजेड हवा, गरमी नको. सेल २५ अंशांच्या वर गेला की दर अंशाला साधारण ०.३ ते ०.४ टक्के पॉवर उतरते, आणि आपल्या खानदेशात मे महिन्यात सेल ६५ अंशांवर सहज जातो, म्हणजे ४० अंश वर, म्हणजे १२ ते १६ टक्के गेले. मे महिन्याची २० तारीख उलटली की सूर्य इथे बरोबर डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते, एवढं ऊन असून जनरेशन तेवढं का नाही असं लोक विचारतात, त्याचं मोठं कारण हे.

इन्व्हर्टरकडे येऊ. पॅनलची वीज सरळ रेघेसारखी, डीसी. घरात हवी लाट, सेकंदाला ५० फेरे, २३० व्होल्ट. २३० ही सरासरीची एक रीत आहे, शिखर त्याला वर्गमूळ दोनने गुणून येतं, ३२५. पूर्वी घराघरात बॅटरीवरचे स्वस्त इन्व्हर्टर होते ना, लाईट गेली की पंखा घुरघुरायचा? ते चौकोनी लाट द्यायचे. फूरिए नावाच्या फ्रेंच गणितज्ञाने, त्याचं पुस्तक १८२२ चं, दाखवलं की अशी कोणतीही लाट साध्या साईन लाटांची बेरीज असते. चौकोनी लाटेत ५० ची असते, सोबत तिच्या एक तृतीयांश उंचीची १५० ची, एक पंचमांश उंचीची २५० ची, असं पुढे पुढे. पंख्याला ५० च पाहिजे, बाकीच्या त्याला गदागदा हलवतात आणि तापवतात, ते तुम्ही कानाने ऐकत होतात. आत्ताचा सोलर इन्व्हर्टर सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करतो, चालू किती वेळ ठेवायचं ते ज्येच्या मापाने कमीजास्त करतो, आणि पुढची कॉइल ते सगळं गुळगुळीत करते.

मागच्या काकांनी सुरुवातीलाच विचारलं होतं, भर दुपारी लाईट गेली की माझं सोलर पण बंद का पडतं, कडक ऊन असताना. काका, तुमच्या इन्व्हर्टरला बॅटरी नाही, तो ग्रिडची, म्हणजे बाहेरून येणाऱ्या लाईनची, लाट बघून तिच्या फेजला फेज लावून चालतो. पॅनलवरच्या त्या थरात दोन लाटा उलट्या भेटल्या तर फायदा झाला, इथे उलट्या भेटल्या तर प्रचंड करंट वाहून सगळं जळेल. म्हणून पुढे लाट दिसली नाही की तो थांबतो. आणि दुसरं, लाईट गेलीय म्हणजे कदाचित पोलवर वायरमन चढलाय, तो लाईन मेलेली समजून हात घालणार, तेव्हा तुमच्या छतावरून तिच्यात वीज जाऊन कशी चालेल?

लाईट परत आली तरी तो लगेच सुरू होत नाही, स्क्रीनवर आकडे उलटे मोजत बसतो, ते बिघाड समजून कुणी स्विच खालीवर करू नका. व्होल्टेज आणि ५० चे फेरे ठीक आहेत का ते तो बघत असतो, कुठे एक मिनिट, म्हणजे ३००० लाटा, काही ठिकाणी पाच मिनिटं, आणि मगच जोडतो.