परड्यातला गारठा

(पहाट. खानापूर तालुक्यातलं गाव. कौलांवरून सरकणारा चुलीचा धूर.)

भातकापणी उरकलेल्या शिवारावर धुकं अजून बसून आहे. गोठ्याला लागून असलेल्या खुराड्यात कोंबडा दोनदा आरवला, पण बाहेर यायला कुणी तयार नाही. आज्जी फळी सरकवते.

"उठा गं बायांनो, उजाडलं की! गारठा पडूलालाय म्हणून आतच बसणार काय?"

(कोंबडी, अगदी जवळून.)

ही पहिली बाहेर आली. काल दुपारी ऊन खाताना हीच कोंबडी सडसडीत दिसत होती, आता चेंडूसारखी गोल झालीय. तिनं पिसं फुलवलीत. पिसांच्या मुळाशी मऊ लव असते, त्या लवेत हवा अडकते आणि ती अडकलेली हवा हीच तिची गोधडी. कोंबडीच्या अंगाचं तापमान 41 अंशांच्या आसपास असतं. डिसेंबर-जानेवारीत बेळगाव भागात पहाटेचा पारा 13-14 अंशांवर येतो, एखाद्या दिवशी आणखी खाली. एवढा फरक ती रात्रभर या एका गोधडीवर निभावते.

आता तिच्या पायांकडे बघा. तिथं पीस नाही, नुसते खवले. तरी ऊब तिथून वाहून जात नाही, कारण पायात खाली उतरणारी ऊन रक्ताची नळी आणि वर येणारी गार रक्ताची नळी एकमेकींना खेटून असतात. उतरणारं रक्त आपली ऊब वर निघालेल्या रक्ताला देऊन टाकतं. पंजा गार राहतो, पोट गरम राहतं. त्यातून एक पाय तिनं पोटाखाली घेतलाच आहे. म्हणून रात्री बसायला लोखंडी पाइप देऊ नये, रुंद लाकडी फळी द्यावी. फळीवर पंजा सपाट पडतो आणि पोटाची पिसं त्याच्यावर पांघरुणासारखी येतात.

(खुराड्याचा पत्रा. आतल्या बाजूला पाण्याचे थेंब.)

हा थेंब दाखवायला मुद्दाम थांबलोय. काही वर्षांमागे पहिल्याच गारठ्यात मी आमचं खुराडं खताच्या रिकाम्या पोत्यांनी चारी बाजूंनी गच्च बंद केलं. मायेपोटीच केलं. चार दिवसांनी फळी काढली तर डोळ्यांत झोंबणारा वास आला, पत्र्यातून पाणी ठिबकत होतं आणि दोन तलंगा, म्हणजे तरुण कोंबड्या, तोंड उघडून श्वास घेत होत्या. त्यातली एक गेली. कोंबड्यांच्या श्वासाची वाफ आणि ओल्या शिटेतला अमोनिया, दोन्ही आत कोंडलं होतं. थंडी तिनं सोसली असती, ओल आणि कोंडलेली हवा सोसली नाही. बर्फाच्या देशात तुरा गोठतो म्हणून लोक घाबरतात. आपल्याकडे ती भीती नाही. आपल्याकडे घात होतो तो असा, काळजीनं बंद केलेल्या दारामागं.

आज्जीनं त्या दिवशी पोती ओढून काढली आणि एवढंच म्हणाली, "खालनं वारं नको, वरनं हवा पायजे."

तेव्हापासून पोतं बांधतो ते फक्त वाऱ्याच्या बाजूला, कोंबडीच्या उंचीपर्यंत. वर छपराखाली फट मोकळी. खाली गिरणीतून आणलेलं भाताचं तूस चार बोटं, वरून पिंजर. ओलं झालं की त्याच दिवशी काढायचं.

संध्याकाळी मूठभर मका किंवा जोंधळा द्यायचा. रात्रभर दाणा पचत राहतो आणि अंगाला ऊब देतो. सकाळचं पाणी कोमट.

अंडी कमी झाली म्हणून मात्र कोंबडीवर रागावू नये. पिसं झडून नवी येताना तिची ताकद तिकडे लागते, आणि या दिवसांत आपल्याकडे उजेड जेमतेम 11 तासांचा. अंड्याचं चक्र उजेडावर चालतं. संक्रांतीनंतर दिवस वाढलेला जाणवू लागतो, तशी ती पुन्हा अंडी घालायला जागा शोधू लागते.

(बुट्टीत खुडूक कोंबडी, पंखाखालून डोकावणारी पिल्लं.)

पिल्लांची गोष्ट वेगळी. त्यांना पिसं नाहीत, नुसती लव. पहिल्या आठवड्यात 32 ते 35 अंशांची ऊब लागते. आई असेल तर प्रश्न नाही. विकत आणलेल्या पिल्लांना बल्ब लावावा लागतो, आणि तिथं बरेच जण फसतात: एलईडीचा बल्ब उजेड देतो, ऊब देत नाही. जुना, तापणारा बल्ब हवा, तोही तुसापासून उंच, पक्का बांधलेला. पिल्लं बल्बाखाली एकमेकांवर चढली तर त्यांना थंडी वाजतेय. कडेला पळून चोच उघडी टाकली तर उकडतंय. सुखात असली की सगळीकडे पांगून दाणे टिपतात.

(संध्याकाळ. फळीवर ओळीनं बसलेल्या कोंबड्या.)

दिवेलागणीला आज्जी खुराड्यात हात घालते. कडेच्या कोंबडीच्या पंखाखाली बोटं सरकवते, क्षणभर तशीच थांबते.

"ऊन हाय," म्हणते, आणि फळी लावते. वरची फट उघडी.